लोखंडाचा रंग आणि लोहाराचा डोळा

लोहाराच्या भट्टीपाशीं आपण कधीं उभे राहिलां असाल, तर ती जागा बहुधा अंधारी असते, हें आपल्या ध्यानांत आलें असेल. त्याला एक चांगलें कारण आहे. लोहारापाशीं उष्णतामापक यंत्र नसतें. तापलेल्या लोखंडाचा रंग हेंच त्याचें माप, आणि तें माप भर उजेडांत चुकतें.

माप चुकलें तर काय बिघडतें? छिनीचें पोलाद कमी तापवून पाण्यांत बुडविलें, तर तिला पाणी चढत नाहीं. धार मऊ राहते. फाजील तापविलें, तर पोलाद ठिसूळ होतें, आणि पांढरें होऊन त्यांतून ठिणग्या उडूं लागल्या म्हणजे तें जळालेंच. तें पुन्हां सुधारत नाहीं.

आतां हे रंग क्रमानें पाहूं. सुमारें ५२५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलें लोखंड अंधारांत जेमतेम काळपट तांबडें दिसतें. ७५० ते ८०० अंशांवर तें डाळिंबाच्या दाण्यासारखें लाल होतें. ९५० च्या सुमारास नारिंगी, ११०० च्या सुमारास पिवळें, आणि १३०० च्या पुढें पांढरें. गंमत अशी कीं, हा क्रम एकट्या लोखंडाचा नव्हे. थॉमस वेजवुड यानें १७९२ सालींच दाखविलें कीं, निरनिराळे पदार्थ सारख्याच उष्णतेवर लाल होतात. पुढें १८४७ सालीं अमेरिकेंतील जॉन विल्यम ड्रेपर यानें लाली दिसूं लागण्याचें उष्णतामान मोजलें. तेंच हें ५२५ अंशांचें.

असें कां व्हावें? प्रत्येक तप्त वस्तु किरण बाहेर टाकीत असते. ती कमी तापलेली असतां ते किरण डोळ्यांना न दिसणारे, केवळ ऊब देणारे असतात. उष्णता वाढली म्हणजे किरणांचें एकंदर प्रमाण वाढतें, आणि त्यांत आखूड लहरींचा वांटा अधिकाधिक होत जातो. म्हणून प्रथम तांबडा, मग पिवळा, आणि शेवटीं सर्व रंग मिसळून पांढरा प्रकाश दिसतो. ह्या वांटणीचा अचूक नियम माक्स प्लांक यांनीं १९०० सालीं मांडला.

परंतु नियम अचूक असला, तरी डोळा अचूक नाहीं. तोच तुकडा अंधारांत झगझगीत आणि उन्हांत काळा दिसतो. एकजण ज्याला लाल म्हणतो, त्याला दुसरा नारिंगी म्हणेल. स्वतंत्रपणें रंग ठरविण्याच्या कामीं डोळा कच्चा आहे. मात्र शेजारींशेजारीं ठेविलेल्या दोन प्रकाशांत अधिक प्रखर कोणता, हें सांगण्यांत तो फार तरबेज आहे. होलबोर्न आणि कुर्लबाउम ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९०१ सालीं नेमका हाच गुण हेरला. त्यांच्या यंत्राच्या दुर्बिणींतून भट्टीकडे पाहिलें असतां मध्यें विजेच्या दिव्याची एक बारीक तार दिसते. तार भट्टीहून थंड असेल तर काळी दिसते. प्रवाह वाढवून अधिक तापविली तर झळकते. आणि दोहोंची प्रखरता समान झाली म्हणजे ती अदृश्य होते! त्या क्षणींचा प्रवाह पाहून, आगाऊ तयार केलेल्या कोष्टकावरून उष्णतामान समजतें. दुर्बिणींत तांबडी कांच असल्यामुळें रंगाचा घोटाळा उरत नाहीं. शिवाय १००० अंशांवर उष्णता अवघी १० अंशांनीं वाढली, तरी तांबड्या प्रकाशाची प्रखरता सुमारें १४ टक्क्यांनीं वाढते. त्यामुळें लहानसा फरकहि लपत नाहीं. एक सावधगिरी मात्र हवी: चकचकीत पृष्ठभाग प्रकाश कमी टाकतो, आणि आहे त्याहून थंड भासतो. म्हणून शक्य तेथें भट्टीच्या लहानशा भोंकांतूनच आंत पाहावें.

जेथें हात पोंचत नाहीं, तेथेंहि हें माप पोंचतें. माघांतल्या एखाद्या निरभ्र सायंकाळीं गच्चीवर जाऊन मृग नक्षत्र पाहा. त्यांतील काक्षी ही तारका तांबूस आहे, आणि राजन्य निळसर पांढरी. पहिलीचें पृष्ठ सुमारें साडेतीन हजार अंशांचें, तर दुसरीचें सुमारें बारा हजारांचें. व्यवहारांत आपण तांबड्याला उष्ण आणि निळ्याला थंड म्हणतों. आकाशांत, आणि लोहाराच्या भट्टींतहि, तांबडा रंग हीच उष्णतेची पहिली पायरी आहे.