माळावरची सावली

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) परिसरातल्या मोकळ्या माळावर डिसेंबरात एक फेरी मारून पाहा. गावातून निघायचे आणि वळसा घालून पुन्हा गावात यायचे. पाऊलवाट वाळलेल्या गवतात हरवली, तर दिशा कोण सांगणार? तुमचीच सावली. पण तिची भाषा कळली पाहिजे.

२२ डिसेंबरच्या सुमारास येथे सूर्य पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो. कारंजाचा अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर. सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या साडेतेवीस अंश दक्षिणेला. म्हणून मध्यान्हीही तो क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर चढतो. त्या वेळी एक मीटर उंच काठीची सावली जवळजवळ एक मीटरच भरते आणि नेमकी उत्तर दाखवते. घड्याळात मात्र तेव्हा सव्वाबारा वाजलेले असतात. कारण आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि कारंजा त्याच्या सुमारे ४ अंश पश्चिमेला.

सावलीच्या रोखाने चालत राहिलो की सरळच जाऊ, असे मात्र समजू नका. मध्यान्हाच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत सावली सुमारे ३८ अंश फिरते; तुमची वाटही तितकीच वाकेल. म्हणून दूरचे एखादे झाड हेरून तिकडे चाला आणि दर अर्ध्या तासाने घड्याळ व सावली ताडून दिशा पाहा. एकटे जाऊ नका. सूर्याकडे थेट पाहू नका.

हीच काठी २१ जूनला मध्यान्ही रोवा. आभाळ निरभ्र असेल तर सावली जेमतेम ४ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे! असे का, ते वहीत आकृती काढून शोधा.