लेबलवर नसलेली किंमत

छताचा पंखा हळू फिरायला लागला की वायरमन स्टूलवर चढतो, दांड्याची वाटी खाली सरकवतो, दोन वायरी सोडतो आणि सांगतो, ‘कंडेन्सर गेलाय.’ अडीच मायक्रोफॅरडची ती छोटी डबी इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात शंभराच्या आत मिळते. दहा मिनिटांत पंखा पूर्वीसारखा फिरू लागतो. ही दुरुस्ती इतकी सोपी आहे, कारण कुणीतरी ती आधीच सोपी करून ठेवली होती. पंख्यात सगळ्यांत आधी काय दमणार, हे माहीत होतं. म्हणून तो भाग मोटारीच्या बाहेर, हात पोचेल अशा जागी आणि कुठल्याही कंपनीच्या पंख्याला चालेल अशा मापात ठेवला गेला. आपल्याकडे कित्येक घरांत वडिलांच्या काळातले पंखे अजून फिरताहेत, त्याचं बरंचसं श्रेय या निर्णयाला आहे.

आता बीएलडीसी पंखे आले आहेत आणि विजेच्या हिशोबात त्यांना तोड नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा ३० च्या आसपास. रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरा, तर वर्षाला तेराशे रुपये. किमतीतला फरक बहुतेक घरांत वर्ष-दीड वर्षात भरून निघतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं, ते फार चांगलं झालं.

पण हा हिशोब एक गोष्ट गृहीत धरतो: पंखा टिकणार. आणि ते लेबलवर कुठेच नसतं.

बीएलडीसी पंख्याच्या पोटात एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतं. घरातली एसी वीज आधी डीसी करून मग मोटारीला हवी तशी पुरवण्याचं काम ते करतं. त्यावर सहसा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो आणि पुष्कळदा पंख्याचं आयुष्य तोच ठरवतो. त्याच्या आतला द्रव हळूहळू सुकत जातो, उष्णता वाढली की लवकर सुकतो. इंजिनिअर मंडळींचा ढोबळ नियम असा: तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. साध्या प्रतीच्या कपॅसिटरवर १०५ अंश सेल्सियसला २,००० तास असं आयुष्य दिलेलं असतं. बोर्डाच्या त्या कोपऱ्यात ८५ अंश तापमान राहिलं तर त्याचे ८,००० तास होतात, म्हणजे आपल्या रोजच्या बारा तासांच्या वापरात सव्वादोन वर्षं. तोच कपॅसिटर ६५ अंशांत ठेवता आला तर ३२,००० तास, जवळपास नऊ वर्षं. वस्तू तीच, किंमत तीच. फरक पडतो तो बोर्ड मोटारीच्या गरम भागापासून किती दूर बसवलं, त्याची उष्णता बाहेर जायला वाट ठेवली की नाही, यानं. आणि जागा बदलता येत नसेल, तर ५,००० तासांचा कपॅसिटर घ्यायला मोजकेच रुपये जास्त लागतात. तीन हजारांच्या पंख्याचं नशीब त्या मोजक्या रुपयांवर लटकलेलं असावं, ही गोष्ट मला फार खटकते.

त्यात पंखा टांगलेला असतो तो खोलीतल्या सगळ्यांत गरम थरात. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या घरात छताजवळची हवा किती तापते, हे तिथं राहणाऱ्यांना सांगायला नको. कोकणात प्रश्न दमट, खारट हवेचा. बोर्डावर संरक्षक वॉर्निशचा पातळ थर दिलेला नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत तांब्याच्या रेषा हिरव्या पडू शकतात. आणि गावोगावी गेलेली वीज परत येते तेव्हा तिच्यासोबत येणारा झटका आहेच. तो स्वतःवर घेणारा व्हॅरिस्टर नावाचा भाग काही रुपयांना मिळतो, पण आराखड्यात त्याची जागा आधीपासून हवी.

टिकाऊपणा असा आराखड्याच्या टप्प्यावरच ठरतो. कारखान्यातली तपासणी चुकीचा नग बाजूला काढू शकते, चुकीच्या जागी बसवलेला कपॅसिटर ती हलवू शकत नाही. चांगला डिझाइनर म्हणूनच आधी विचारतो की हे यंत्र कुठून मोडेल, आणि तिथं सढळ हातानं सवड ठेवतो. बॉल बेअरिंगवरचा भार निम्म्यावर आणला तर त्याचं आयुष्य हिशोबानं आठपट होतं. किंचित मोठं बेअरिंग म्हणूनच पुढे कितीतरी पटीनं फेडतं.

तरीही काही भाग जाणारच, तेव्हा दुसरा प्रश्न येतो तो सुट्या भागाचा. जुन्या पंख्याचा कंडेन्सर कुणाचाही कुणालाही चालायचा. नव्या पंख्याचं बोर्ड बहुधा त्याच कंपनीचं, कधी तर त्याच मॉडेलचं लागतं. ते बाजारातून गेलं की चांगलं वायंडिंग, चांगली पाती, चांगलं बेअरिंग असलेला अख्खा पंखा भंगारात जातो. चार वर्षांत वाचवलेल्या विजेतला मोठा वाटा मग नवा पंखा घेण्यातच संपतो.

यावर उपाय आहेत. युरोपीय महासंघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग, ते मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं मिळण्याची सोय कंपन्यांना करावी लागते. फ्रान्सनं २०२१ मध्ये काही उपकरणांवर ‘दुरुस्ती किती सोपी’ याचे दहापैकी गुण छापायला लावले आणि २०२५ पासून टीव्ही व वॉशिंग मशीनसाठी त्यात टिकाऊपणाही धरला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. ताऱ्यांच्या शेजारी टिकाऊपणाचा आकडा छापण्याची पुढची पायरी आपणही चढावी, असं मला मनापासून वाटतं.

तोवर दुकानात विचारण्यासारखं बरंच आहे. वॉरंटी मोटारीची आहे की बोर्डाचीही? बोर्ड सुटं मिळतं का, केवढ्याला, आणि आणखी किती वर्षं मिळेल? किती व्होल्टपर्यंत ते तग धरतं? ते बदलायला पंखा सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो, की गल्लीतला वायरमन वाटी सरकवून बदलू शकतो?