कंपवात : गोळी राखून ठेवावी का?

माझगावच्या एका वाचक ताईंच्या पत्राला उत्तर द्यायला हवं. त्यांचे वडील 74 वर्षांचे, गोदीतून निवृत्त झालेले. भंडारवाडा टेकडीवरच्या बागेत रोज जायचे, ते आता बंद झालंय. डॉक्टरांनी कंपवातासाठी लेव्होडोपा लिहून दिलं, पण चाळीत कुणीतरी सांगितलं की ही गोळी पाचच वर्षं चालते, आत्ता घेतली तर पुढे हाताशी काही उरणार नाही. तेव्हापासून चिठ्ठी कपाटात पडून आहे.

ताई, ती चिठ्ठी बाहेर काढा. या समजुतीपायी माणसं हिंडण्याफिरण्याची वर्षं घरात बसून घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

काही वर्षांनी गोळीचा अंमल लवकर उतरतो, अंग आपोआप वळवळतं, हे खरं आहे. पण ते कशामुळे? घानामध्ये अनेकांना हे औषध उशिरा मिळायचं, आजार सुरू झाल्यावर सरासरी चार वर्षांनी. इटलीत ते त्याहून बरंच आधी मिळायचं. दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना 2014 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात आली. घानातल्यांना उशिरा सुरू करूनही हे त्रास आजाराच्या जवळपास त्याच वर्षी गाठत होते. म्हणजे ते मुख्यतः आजार किती जुना आहे आणि गोळीची मात्रा किती आहे यावर ठरतात, गोळी किती वर्षं घेतली यावर नाही. थांबून घानातल्या रुग्णांच्या पदरी फक्त आखडलेली वर्षं पडली.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 1620 रुग्णांचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. दुष्परिणामांमुळे पहिलं औषध सोडावं लागलेले लोक लेव्होडोपा गटात 2 टक्के होते. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांच्या जातीच्या औषधांच्या गटात ते 28 टक्के निघाले. लेव्होडोपावाल्यांचं चालणंफिरणंही थोडं सरस राहिलं. वळवळ मात्र त्यांच्यात जास्त दिसली, हेही सांगायला हवं. ती तरुण वयात आजार जडलेल्यांना अधिक छळते, म्हणून पन्नाशीच्या रुग्णासाठी डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. सत्तरीपुढे प्रॅमिपेक्सोलसारख्या गोळ्यांनी भास होतात, दिवसा झोप अनावर होते, उठताना रक्तदाब घसरतो. थरथरीसाठी सर्रास दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल तर या वयात मला मुळीच पसंत नाही; विसराळूपणा वाढतो, लघवी अडते.

लेव्होडोपा आजार बरा करत नाही की थोपवत नाही, पण माणसाला हिंडतं ठेवतं. मात्रा थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. पुढे डाळ-दूध-मांसाबरोबर अंमल कमी वाटू लागला, तर गोळी जेवणाआधी अर्धा तास घेऊन पाहावी. आपल्या मनाने एकदम बंद कधीच करू नये. सुरुवातीला मळमळलं तर औषधाच्या दुकानातून मेटोक्लोप्रमाइड आणू नका, त्याने कंपवात बळावतो. डॉक्टरांनाच विचारा.