पाणबुड्याचा टोप

जुन्या वस्तू जमविणाऱ्यांच्या बाजारात पाणबुड्यांच्या सामानाला आज मोठा भाव आहे. तांब्यापितळेचा गोल टोप, शिशाच्या तळव्यांचे बूट, दोन नळ्यांचे ‘ॲक्वालंग’, एवढेच काय, कंपन्यांची जुनी सूचिपत्रकेसुद्धा विकली जातात. टोपावरचा आणि खांद्यावरील पत्र्यावरचा क्रमांक एकच निघाला, तर किंमत आणखी चढते. या छंदाशी माझे भांडण नाही. पण मी कामगारांत वावरलेला माणूस; हत्यार दिसले की ते कोणाच्या हातचे, हे विचारण्याची खोड जात नाही.

लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीब या जर्मन कारागिराने १८३० नंतरच्या दशकात पाणी आत न शिरणारा बंद पोशाख सिद्ध केला. त्याचे सारे ओझे सुमारे ८० किलो! माणूस बुडावा आणि तळाशी पाय रोवून काम करावा, यासाठीच ते असे. हवा येई ती वरच्या होडीतील हातपंपातून, रबरी नळीने. पंप फिरविणारे गडी थांबले की खालच्याचा जीव कासावीस. थोडक्यात, त्याचा श्वास दुसऱ्यांच्या मनगटात होता.

१७८२ साली पोर्टस्मथजवळ ‘रॉयल जॉर्ज’ ही युद्धनौका बुडाली होती. १८३९ पासून कर्नल पास्ली यांच्या देखरेखीखाली तिचे अवशेष काढताना पाणबुड्यांचे सांधे धरू लागले. त्याला नाव मिळाले संधिवात! कामाने जडलेल्या रोगाला मजुराच्या प्रकृतीचा दोष म्हणण्याची रीत जुनीच आहे. खरे कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली मांडले. खोल पाण्यात दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस झटकन वर आला, की सोड्याच्या बाटलीचे बूच उडावे तसे अंगात बुडबुडे होतात. पुढे जे. एस. हाल्डेन यांनी बकऱ्यांवर आणि मग माणसांवर प्रयोग करून, किती खोलीवरून कोठे किती थांबत वर यावे, याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. वर येताना थांबण्याचा वेळही कामाचाच वेळ आहे, हे त्या आकड्यांनी ठरविले. माझ्या मते टोपापेक्षा ते कागद अधिक मोलाचे. ऑस्ट्रेलियात ब्रूम या मोत्यांच्या गावी जपानी दफनभूमीत नऊशेंहून अधिक माणसे विसावली आहेत. कोणी वादळात गेले, कोणी याच विकाराने.

श्वास पाणबुड्याच्या स्वतःच्या हाती आला तो निराळ्याच वाटेने. फ्रान्समधील एस्पालियाँचे खाण-अभियंते रूकेरोल यांनी १८६० साली, माणूस श्वास ओढील तेवढीच हवा सोडणारे यंत्र केले. मूळ हेतू खाणीतील माणसे वाचविण्याचा. नंतर युद्धकाळात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एमिल गान्याँ यांनी एक झडप बनविली होती. तिच्यावरूनच १९४३ साली त्यांनी आणि झाक कूस्तो यांनी ॲक्वालंग घडविले. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत एक अडचण आली. माणूस उभा असला की हवा फुकट वाहून जाई, डोके खाली केले की ओढता येईना. उच्छ्वासाचे तोंड हवा येण्याच्या जागेशी समपातळीत, पाठीवर नेल्याबरोबर काम झाले. जुन्या ॲक्वालंगला दुसरी नळी असते ती यासाठी, शोभेसाठी नव्हे. नळी बदलली, माणूस मोकळा पोहू लागला. तरी रक्तातला नायट्रोजन कोणाची भीड धरीत नाही, हाल्डेनचा हिशेब त्यालाही चुकला नाही.

त्या नळ्यांचे रबर काळाने चिरफाळते. काही हौशी लोक नव्या नळ्या लावून जुनी यंत्रे आजही पाण्यात नेतात. ब्रिटनमध्ये १९९० साली स्थापन झालेली हिस्टॉरिकल डायव्हिंग सोसायटी हा इतिहास जपते, हे चांगले. खटकते ते व्यापाऱ्यांचे घासणेपुसणे. पुष्कळ टोपांना मुळात कथलाची करड्या रंगाची कल्हई असे. दिवाणखान्यात झळकावे म्हणून ती उतरवितात. तिच्याबरोबर पोचे ठोकून काढल्याच्या खुणा, झाळलेली जागा, काचेच्या जाळीवरचे ओरखडेही जातात. कोणाच्या घरी असा टोप पाहाल, तर आधी कल्हई शोधा, मग काचेच्या कडेला झाळकाम दिसते का पाहा.