महासाथ आणि यकृताच्या कर्करोगाचे वेळेवर निदान

साथ ओसरल्यावर तिचा हिशेब मांडण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. इतक्यांना रोग जडला, इतके बरे झाले, इतके दगावले, असे तीन आकडे लिहिले की हिशेब पुरा झाला असे आपण मानतो. परंतु जे लोक त्या साथीच्या रोगाने मुळी आजारीच पडले नाहीत आणि तरीही साथीमुळे ज्यांचे आयुष्य उणे झाले, त्यांची नोंद या हिशेबात कोठेच होत नाही. २०२० साली आलेल्या कोविडच्या महासाथीतही असे लोक होते. त्यांपैकी यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. हाच रोग निवडण्याचे कारण असे की, वेळेवर कळल्यास तो पुष्कळदा बरा होतो, वेळ टळल्यास बहुधा हाताबाहेर जातो, आणि ही वेळ महिन्यांत मोजता येते.

यकृत हा मोठा सोशिक अवयव आहे. त्याचा बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग शरीराचे काम चालवून नेतो. त्याच्या अंतर्भागाला दुखणे कळत नाही. गाठ वाढून वरचे आवरण ताणले गेले म्हणजे मगच उजव्या कुशीत दुखू लागते. म्हणून दोन सेंटिमीटरची गाठ पोटात असलेला माणूस जेवतो-खातो, कामाला जातो, आणि आपल्याला काही झाले आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. वजन घटणे, पोटात पाणी होणे, कावीळ दिसणे ही लक्षणे उमटतात तेव्हा रोग बहुधा पुढे गेलेला असतो. २०२० साली जगात या रोगाचे सुमारे ९ लाख ६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ८ लाख ३० हजार माणसे त्याने दगावली, असा अंदाज आहे. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ यावेत, यावरूनच निदानाला किती उशीर होतो ते दिसून येते.

असे असले तरी या रोगात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तो कोणाला होण्याचा संभव अधिक, हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते. बहुतेक वेळा हा कर्करोग पूर्वीच खराब झालेल्या यकृतात उद्भवतो. हिपॅटायटिस-बी आणि हिपॅटायटिस-सी या विषाणूंचा जुना संसर्ग, मद्यपान, किंवा मधुमेह व स्थूलपणा यांमुळे यकृतात साचलेली चरबी, यांपैकी कशाने तरी यकृत वर्षानुवर्षे सुजत राहते, त्यात व्रणाचे धागे माजतात आणि ते कठीण व गाठाळ बनते. यालाच सिरॉसिस म्हणतात. सिरॉसिस झालेल्यांची, तसेच हिपॅटायटिस-बी असलेल्या काही रुग्णांची, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी आणि जोडीला अल्फा-फीटोप्रोटीन नावाच्या द्रव्यासाठी रक्त तपासावे, अशी पद्धत आहे. सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसले तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून खात्री करून घेतात. म्हणजे ही तपासणी तक्रार घेऊन आलेल्याची नव्हे. ज्याची काहीच तक्रार नाही, त्याला तारीख देऊन बोलावून करावयाची ती तपासणी आहे.

आता, सहाच महिने का? या गाठीचे घनफळ दुप्पट होण्यास सर्वसाधारणपणे चार ते सहा महिने लागतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती ही की घनफळ दुप्पट झाले म्हणजे व्यास दुप्पट होत नाही; तो सुमारे सव्वापट होतो. समजा, एक गाठ दोन सेंटिमीटरची आहे आणि ती दर पाच महिन्यांनी दुप्पट होते. पाच महिन्यांनी ती अडीच सेंटिमीटरची होईल, दहा महिन्यांनी तीन सेंटिमीटर ओलांडील आणि पंधरा महिन्यांनी चार सेंटिमीटरची होईल. त्यापुढच्या पाचच महिन्यांत ती पाच सेंटिमीटरच्या पलीकडे जाईल.

हे पाच सेंटिमीटर महत्त्वाचे आहेत. १९९६ साली इटलीतील मिलान येथील वैद्यांनी यकृतरोपणासाठी एक कसोटी घालून दिली. गाठ एकच असेल तर ती पाच सेंटिमीटरपर्यंत असावी. अनेक असतील तर त्या तीनांहून अधिक नसाव्यात आणि त्यांतली कोणतीही तीन सेंटिमीटरहून मोठी नसावी. शिवाय रोग रक्तवाहिन्यांत किंवा यकृताबाहेर पसरलेला नसावा. अशा रुग्णांना रोपण केले असता चार वर्षांनी शंभरांपैकी पंचाहत्तर जण हयात राहतात असे त्यांना आढळले. ही कसोटी पुढे जगभर मान्य झाली. गाठ लहान असेल तर ती कापून काढणे किंवा सुई घालून उष्णतेने जाळणे हेही उपाय असतात. एकदा ही हद्द ओलांडली गेली की मग उपचार बहुधा रोग आवरून धरण्यापुरते राहतात.

या हिशेबाच्या आधारे साथीच्या काळाकडे पाहू. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटले. रुग्णालयांच्या खाटा, परिचारिका, भूलतज्ज्ञ हे सर्व त्या कामाकडे वळले. सोनोग्राफी करावयाची तर तपासणारा आणि रुग्ण यांना हातभर अंतरावर बसावे लागते. तेव्हा तीही थांबली. रुग्ण घराबाहेर पडेनात, आणि त्यांची भीती खुळी होती असे म्हणता येणार नाही. जुना यकृतरोग असून कोविड झालेल्या २९ देशांतील ७४५ रुग्णांची नोंद तपासली असता, सिरॉसिस असलेल्यांपैकी ३२ टक्के दगावले, तर सिरॉसिस नसलेल्यांपैकी ८ टक्के, असे आढळले. ज्याला तपासणीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच रुग्णालयात पाऊल टाकण्याचा सर्वांत अधिक धोका, असा हा पेच होता.

अमेरिकेतील यकृतरोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर सल्ला दिला, तो असा: तपासणी शक्य तितकी ठरल्या वेळी करावी, मात्र दोन महिने पुढे गेली तरी चालेल. आमच्या वरच्या हिशेबात हा सल्ला घालून पाहिला तर तो वाजवी ठरतो. दोन सेंटिमीटरची गाठ दोन महिन्यांत जेमतेम दोन मिलिमीटर वाढते. तेवढ्याने बहुतेकांची उपचाराची संधी जात नाही.

पण पुष्कळांच्या बाबतीत दोन महिने हे दोन महिने राहिले नाहीत. पहिल्या लाटेच्या वेळी यकृत-कर्करोगावर उपचार करणाऱ्या निरनिराळ्या खंडांतील ७६ केंद्रांकडे विचारणा झाली. त्यांतील ८७ टक्के केंद्रांनी आपल्या कामाची रीत बदलली होती, आणि सुमारे ८१ टक्के केंद्रांत नियमित तपासणीचा क्रमच बदलावा लागला होता. पॅरिस परिसरातील मोठ्या रुग्णालयांनी २०२० च्या मार्च-एप्रिलमधील सहा आठवडे आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी ताडून पाहिले. २०१९ मध्ये ३७७ रुग्ण तज्ज्ञांच्या बैठकीपुढे आले होते. २०२० मध्ये २९३ आले. विशेष घट झाली ती पहिल्यांदाच निदान होणाऱ्यांत. जे आले त्यांच्यातही उपचाराला महिन्याहून अधिक उशीर झालेल्यांचे प्रमाण साडेनऊ टक्क्यांवरून साडेएकवीस टक्क्यांवर गेले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे साथीच्या पहिल्या वर्षात नियमित तपासणीतून सापडलेले रुग्ण कमी झाले आणि सापडलेल्या गाठी पूर्वीपेक्षा मोठ्या निघाल्या.

आपल्या देशात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी झाली, रेल्वेगाड्या थांबल्या. गावाकडून मुंबईपुण्याला तपासणीसाठी यावे तर वाहनच नाही. राष्ट्रीय कर्करोग जालातील ४१ केंद्रांची मार्च ते मे या तीन महिन्यांची नोंद पाहिली, तर २०१९ मध्ये १,१२,२७० नव्या रुग्णांची नोंद झाली होती, ती २०२० मध्ये ५१,७६० वर आली. हे आकडे सर्व कर्करोगांचे आहेत, केवळ यकृताचे नव्हेत. परंतु त्यांवरून दार किती मिटले होते याची कल्पना येते.

येथे मोठी गफलत होण्याचा संभव आहे. रुग्णांचा आकडा उतरला म्हणजे रोग उतरला, असे कोणीही भोळेपणाने म्हणेल. रोग जेथल्या तेथे होता. फक्त तो पाहणारे डोळे दुसरीकडे लागले होते. शिवाय विलंब एकाच ठिकाणी होत नाही. सोनोग्राफी दोन महिने लांबली, स्कॅनला महिना लागला, तज्ज्ञांची बैठक तीन आठवडे पुढे गेली, शस्त्रक्रियेला तारीख मिळेना. प्रत्येक ठिकाणी "थोडाच उशीर" असे म्हणता येते, पण गाठीच्या दृष्टीने ही सारी बेरीज असते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की सर्वच गाठी सारख्या वेगाने वाढत नाहीत. काही वर्षभर फारशा हलत नाहीत, तर काही तीन महिन्यांच्या आत दुप्पट होतात. मात्र कोणती गाठ कोणत्या जातीची, हे न तपासता कळत नाही.

मग पुन्हा असा प्रसंग आल्यास काय करावे? पहिली गोष्ट, प्रत्येक केंद्रात सिरॉसिसच्या व हिपॅटायटिस-बीच्या रुग्णांची यादी हवी, आणि तीत पुढच्या तपासणीचा महिना लिहिलेला हवा. यादी असली म्हणजे कोणाची तपासणी चुकली ते कळते. दुसरी गोष्ट, सर्वांना बोलावता येत नसेल तर ज्यांच्या रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन वाढत आहे, किंवा ज्यांच्या मागील सोनोग्राफीत लहानशी गाठ दिसली होती, त्यांना आधी बोलवावे. तिसरी, सोनोग्राफीची सोय साथीच्या रुग्णालयापासून वेगळ्या जागी, शक्य तर तालुक्याच्या गावी असावी. रक्त तर घराजवळही घेता येते. चौथी, रुग्णाने स्वतःचे अहवाल एका पिशवीत क्रमाने ठेवावेत आणि सहा महिन्यांची तारीख घरातल्या कोणाला तरी सांगून ठेवावी.

मुळावरचा उपायही आपल्या हाती आहे. हिपॅटायटिस-बीची लस बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात आहे. हिपॅटायटिस-सी तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. मात्र ज्याला सिरॉसिस झालेला आहे, त्याने विषाणू गेल्यावरही तपासणी सोडू नये. कारण विषाणू गेला तरी यकृतातले जुने व्रण राहतातच.

पुढची महासाथ केव्हा आणि कोणत्या रोगाची येईल, हे सांगता येत नाही. सिरॉसिसच्या रुग्णाची पुढची सोनोग्राफी कोणत्या महिन्यात व्हावयाची, हे मात्र आजच सांगता येते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी घरी गेल्यावर शेवटच्या अहवालावरची तारीख पाहावी. तिला सहा महिने उलटून गेले असतील, तर या आठवड्यातच आपल्या वैद्यांना गाठावे.