कीबोर्डवरचे आकडे उमटत नाहीत? आधी 'नम लॉक' पाहा, मग नवा कीबोर्ड घ्या

वर्धा : फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. केंद्रावर रांग लागलेली. ऑपरेटर आधार क्रमांक टाकायला जातो, तर पडद्यावर एकही आकडा उमटत नाही. उलट कर्सरच इकडून तिकडे पळतो. "कीबोर्ड गेला वाटते," असे म्हणत काम थांबते आणि कामधंदा सोडून आलेल्या माणसाला "उद्या या" ऐकावे लागते. आर्वी, आष्टी, कारंजापासून समुद्रपूरपर्यंत गावागावांतल्या सेवा केंद्रांत आणि ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर ही अडचण कधीही येऊ शकते. बरेचदा कीबोर्ड चांगलाच असतो, फक्त एक बटण चुकून दाबले गेलेले असते.

एकाच बटणाची दोन कामे

कीबोर्डच्या उजव्या बाजूला आकड्यांचा वेगळा चौकोन असतो, त्याला नंबर पॅड म्हणतात. त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात 'नम लॉक' नावाचे बटण असते. ते चालू असले की आकडे उमटतात. बंद असले की तीच बटणे बाणाचे काम करतात. ८ म्हणजे वर, २ म्हणजे खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे. ७ ओळीच्या सुरुवातीला नेते, १ शेवटी नेते. टिंबाचे बटण तर अक्षर पुसते. ५ दाबले तर काहीच होत नाही.

असे दुहेरी काम कशाला ठेवले? १९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या कीबोर्डला ८३ बटणे होती आणि बाणांची वेगळी बटणे नव्हती. म्हणून आकड्यांच्याच बटणांवर बाण बसवले. पुढे बाणांची वेगळी बटणे आली, पण जुनी सोय तशीच राहिली.

खरा धोका कुठे?

आकडा उमटलाच नाही तर निदान लक्षात तरी येते. पण नम लॉक बंद असताना कर्सर एखाद्या यादीवर असेल आणि २ दाबले, तर यादीतले नाव बदलते. जिल्ह्यांची यादी इंग्रजी अक्षरक्रमाने असेल तर वर्ध्याच्या खाली वाशिम येते. म्हणजे वर्ध्याच्या शेतकऱ्याचा फॉर्म वाशिमचा होऊन बसतो. आकड्यांच्या काही रकान्यांत बाण दाबला की भरलेला आकडा एकने वाढतो किंवा कमी होतो. घाईत हे दिसत नाही.

काय तपासायचे? या क्रमाने

१) नम लॉक एकदा दाबा. कीबोर्डवरचा छोटा दिवा लागला की आकडे टाकून पाहा. बहुतेक वेळा काम इथेच होते.

२) दिवा लागतच नाही? कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचाही दिवा बदलत नसेल तर वायर ढिली आहे किंवा कॉम्प्युटर हँग झाला आहे. यूएसबी वायर काढून दुसऱ्या जागी लावा. जुनी गोल पिनची वायर असेल तर आधी कॉम्प्युटर बंद करा, मगच काढा.

३) कीबोर्डला दिवाच नाही? काही वायरलेस कीबोर्डना तो नसतो. विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणे एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड येईल. त्याच्या 'ऑप्शन्स'मध्ये नंबर पॅड चालू केला की नम लॉकची स्थिती दिसते.

४) दिवा चालू, तरी आकडे नाहीत आणि माऊसचा बाण आपोआप सरकतो? मग 'माऊस कीज' चालू झालेले असते. डावे अल्ट, डावे शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले गेले की हे होते. तीच बटणे पुन्हा दाबा. नाहीतर सेटिंग्जमध्ये अॅक्सेसिबिलिटी, त्यात माऊस, असे जाऊन ते बंद करा. विंडोज १० मध्ये अॅक्सेसिबिलिटीच्या जागी 'ईज ऑफ अॅक्सेस' असे नाव असते.

५) लहान लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी आकडे येतात? काही लॅपटॉपमध्ये नम लॉक चालू झाला की जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ उमटतात. पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा दाखवतो तो यामुळेच. एफएन बटणासोबत नम लॉक दाबून तो बंद करा.

६) आकडे उमटतात, पण फॉर्म ते घेत नाही? मराठी टायपिंग चालू असेल तर काही मांडणीत वरच्या ओळीतून मराठी आकडे येतात. अनेक वेबसाइट फक्त इंग्रजी आकडे घेतात. भाषा इंग्रजी करा.

७) एक-दोनच बटणे चालत नाहीत? कॉम्प्युटर बंद करून कीबोर्ड उलटा झटका आणि मऊ ब्रशने धूळ काढा. तरीही नाही चालली तर दुसरा कीबोर्ड लावून पाहा. त्यावर आकडे उमटले तरच नवा घ्यायचा खर्च करा.

तोवर काम थांबवायची गरज नाही. अक्षरांच्या वर असलेल्या आकड्यांच्या ओळीवर नम लॉकचा परिणाम होत नाही.

मोबाइलची सवय इथे फसवते

मोबाइलवर नंबर लावताना वरच्या ओळीत १-२-३ असते. कीबोर्डवर, कॅल्क्युलेटरसारखे, वरच्या ओळीत ७-८-९ असते. अमेरिकेतल्या बेल लॅबने बटणांच्या फोनसाठी वेगवेगळ्या मांडण्या लोकांकडून वापरून घेतल्या आणि तो अभ्यास १९६० मध्ये छापून आला. फोनला १-२-३ वरची मांडणी मिळाली, पण हिशोबाच्या यंत्रांची मांडणी तशीच राहिली. म्हणून मोबाइलवर हात बसलेल्या नव्या मुलांकडून न पाहता टाइप करताना १ च्या जागी ७ किंवा ३ च्या जागी ९ पडू शकतो. नंबर पॅडच्या ५ वर छोटा उंचवटा असतो. मधले बोट त्यावर ठेवून सुरुवात केली तर चूक कमी होते.

सबमिटच्या आधी स्वतः वाचा

आधारच्या १२ आकड्यांपैकी शेवटचा आकडा तपासणीसाठी असतो. एखादा आकडा चुकला तर आधीच्या आकड्यांशी त्याचा मेळ बसत नाही, त्यामुळे चूक पकडता येते. पण गट नंबर आणि हेक्टर-आर यांना असा पहारेकरी नाही. ०.८० च्या जागी ०.०८ पडले तर दोन एकराचे आठ आर होतात आणि कॉम्प्युटर मुकाट्याने मान्य करतो. बँक खात्याचा नंबर चुकला तर पैसे अडकतात किंवा भलत्याच खात्यात जाऊ शकतात.

म्हणून सातबारा आणि पासबुक हातात धरा, ऑपरेटरला पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा आणि एकेक आकडा मोठ्याने वाचा. जिल्हा, तालुका आणि गाव शेवटी पुन्हा पाहा. आयएफएससी कोडचे पाचवे चिन्ह शून्य असते, ते 'ओ' अक्षर नसते, हेही तपासा. पावती मिळाल्यावर तिथेच उभे राहून वाचा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. यात दोन मिनिटे जातात, पण नंतर दुरुस्तीसाठी तालुक्याला मारायचे हेलपाटे वाचतात.