गणिताचे सूत्र आणि संगणकाचे व्याकरण

तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा महाराष्ट्राच्या सीमेस लागून आहे. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर मराठी बोलली जाते व जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. पूर्वी याच जिल्ह्यात असलेल्या व २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडणाऱ्या बासर येथे २००८ साली राजीव गांधी ज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झाले. ग्रामीण विद्यार्थ्यांना दहावीनंतर सहा वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाद्वारे अभियंता होण्याची संधी त्यामुळे लाभली.

अशा वाटेवरील विद्यार्थी संगणकावर पहिले सूत्र लिहितो आणि पडद्यावर ‘सिंटॅक्स एरर’ हे इंग्रजी शब्द उमटतात. आपले गणितच कच्चे आहे, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः दोष गणिताचा नसून लेखनाचा असतो.

सूत्रे यंत्रास समजावीत म्हणून १९५७ साली ‘फोरट्रान’ ही भाषा प्रचारात आली. तिच्या नावाचा अर्थच ‘सूत्रांचे भाषांतर’ असा आहे. आज नवशिक्यांना बहुधा ‘पायथॉन’ शिकविली जाते. तीत २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून राशींची नावे मराठीतही देता येतात. अंक मात्र आंतरराष्ट्रीयच लागतात. पुढील उदाहरणांत ते केवळ छपाईसाठी देवनागरीत दिले आहेत.

सरळव्याजाचे सूत्र असे लिहावे :

व्याज = मुद्दल * दर * मुदत / १००

वहीत दोन राशी शेजारी लिहिल्या की गुणाकार समजला जातो. येथे प्रत्येक ठिकाणी तारका हवी. वहीतील फुलीचे चिन्हही चालत नाही. तसेच, ज्या राशीचे मूल्य काढावयाचे ती बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे एकटीच असावी. ‘मुद्दल * दर = व्याज’ असे लिहिल्यास यंत्र ते नाकारते.

चूक शोधताना प्रथम संदेशातील ओळीचा क्रमांक पाहावा. त्या ओळीत दोष न आढळल्यास तिच्या वरची ओळ तपासावी. तेथील कंस उघडा राहिल्यास जुन्या आवृत्त्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवितात. २०२१ च्या ३.१० या आवृत्तीपासून न मिटलेला कंस स्पष्टपणे दाखविला जातो. उघडणारे व मिटणारे कंस मोजून घ्यावेत, एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि लगेच पुन्हा चालवून पाहावे.

तथापि, यंत्राने तक्रार केली नाही म्हणजे उत्तर बरोबर आले, असे मानू नये. समलंब चौकोनी शेताच्या समांतर बाजू ६० व ४० मीटर आणि त्यांतील लंब अंतर ३० मीटर असल्यास, (६० + ४०) * ३० / २ यानुसार क्षेत्रफळ १,५०० चौरस मीटर होते. कंस गाळल्यास गुणाकार व भागाकार आधी होऊन ६६० येतात. यंत्र एका शब्दानेही हरकत घेत नाही. अर्ध्याहून अधिक शेत मात्र हिशेबातून नाहीसे होते! त्याचप्रमाणे वर्गासाठी दोन तारका द्याव्यात. टोपीसारखे चिन्ह वापरून ३^२ लिहिल्यास उत्तर ९ ऐवजी १ येते.

म्हणून प्रत्येक सूत्र आधी हाताने सोडविलेल्या एका उदाहरणाशी ताडून पाहावे. पडद्यावर दिसणारी चूक विद्यार्थ्याला थांबवून सावध करते. न दिसणारी चूक पकडण्यास मात्र शाळेत मातृभाषेतून शिकलेले गणितच उपयोगी पडते.